पुडीमास्तरांच्या सात पुड्या

सगळी गल्ली त्यांना पुडीमास्तर म्हणायची. मास्तरकी त्यांनी एक दिवससुद्धा केली नव्हती. चाळीस वर्षं ते एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते, आणि औषध खलून, तोलून, कागदाच्या पुड्या बांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांची पुडी माडीवरून खाली टाकली तरी कणभर पावडर सांडायची नाही. वर मुंगीएवढ्या अक्षरात रोग्याचं नाव, तारीख आणि सूचना: जेवणानंतर घेणे, कोमट पाण्यातून घेणे, रिकाम्या पोटी घेऊ नये. पुढे डॉक्टर गेले, दवाखान्याला कुलूप लागलं. तराजूची छोटी लाकडी पेटी तेवढी मास्तरांनी घरी आणली आणि आपल्या कपाटात ठेवली.

घरात माणसं दोनच, मास्तर आणि त्यांची सून. मुलगा जहाजावर इंजिनात काम करायचा, वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर. सून शर्टांच्या कारखान्यात तपासनीस होती. दिवसाला चारशे शर्ट तिच्या हाताखालून जायचे आणि एक टाका सुटलेला दिसला की ती त्यावर लाल चिठ्ठी डकवायची. घरीही तिचा खाक्या तोच. बोलणं फटकळ, काम चोख. सासरे-सुनेचं छान जमायचं, कारण दोघांनाही ढिसाळपणाचा राग होता.

नवरा या खेपेला निघाला तेव्हा मास्तरांची मूत्रपिंडं थकल्याचं नुकतंच कळलं होतं. त्याचा पाय दारातून निघेना. तिनं त्याची बॅग उचलून रिक्षात ठेवली आणि म्हणाली, "जा तू. परत येशील तेव्हा बाबा याच दारात उभे असतील. माझी जबाबदारी." असं बोलायला काही लागत नाही, पण तिनं ते मनापासून म्हटलं होतं आणि सात महिने ती त्याच एका वाक्याला बांधलेली होती.

पावसाळा सरता सरता मास्तरांच्या रक्तात पोटॅशियम वाढलं. रुग्णालयातल्या सिस्टरनं दोघांना समोर बसवून समजावलं. "हे दिसत नाही, दुखत नाही, आणि एक दिवस हृदय बंद पाडतं. म्हणून ही पावडर. डब्यातल्या चमच्यानं मोजून, पाण्यात ढवळून, लगेच प्यायची. बाकीच्या गोळ्या आणि ही पावडर यांच्यात तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर ही पावडर त्या गोळ्यांनाच धरून ठेवते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हिनं पोट जड होतं. दोन दिवस पोट साफ झालं नाही तर पावडर थांबवा आणि त्याच दिवशी मला फोन करा. आतडं तुंबलेलं असताना ही घेणं वाईट, आणि न घेता गप्प बसणं त्याहून वाईट. फोन केलात तर मी मार्ग काढते."

"दोन दिवस, थांबवणे, फोन," मास्तर पाठ म्हटल्यासारखं म्हणाले. सुनेनं वहीत लिहून घेतलं.

पहिल्याच दिवशी सुनेची फजिती झाली. पावडर वाळूसारखी लागते म्हणून तिनं ती संत्र्याच्या रसात कालवून आणली. मास्तरांनी पेला नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"सूनबाई, आग विझवायला रॉकेल आणलंस होय गं?"

"म्हणजे काय, मामंजी?"

"अगं, संत्र्यातच पोटॅशियम. साधं पाणी आण."

ती खजील झाली, मग दोघं पोटभर हसली. औषधाच्या बाबतीत म्हातारा आपला गुरू आहे, हे तिनं त्या दिवशी कबूल करून टाकलं. तिथंच तिची चूक झाली, असं ती पुढे म्हणायची. गुरूला कोण तपासतं?

वेळापत्रक बसलं ते असं. सकाळी सातला न्याहारीबरोबर गोळ्या, तिच्या डोळ्यांसमोर. साडेसातला ती कारखान्यात. मग तीन तास सोडून दहाला पावडर, तेव्हा घरात मास्तर एकटे. आठवड्याच्या पुड्या ते रविवारी स्वतःच बांधून ठेवायचे. डब्यातल्या चमच्यानं मोजायचं असताना पुड्या कशाला, असं तिनं एकदा विचारलं. "चमच्यानंच मोजतो गं. पण पुडी समोर असली की घेतली की नाही ते दिसतं," ते म्हणाले. खरंच होतं. संध्याकाळी ती ताटलीतल्या पुड्या मोजायची आणि भिंतीवरच्या तक्त्यात बरोबरची खूण करायची. शिवाय दहा वाजता मशीनच्या खडखडाटात एका कानात बोट घालून ती फोन करायची.

"मामंजी, झाली का?"

"झाली गं, झाली."

पहिले दोन महिने रक्ताचे आकडे सुतासारखे सरळ आले. सिस्टर म्हणाली, आता तपासणी महिन्यातून एकदा चालेल.

रोज सकाळी डबा भरता भरता ती स्वयंपाकघरातून ओरडून विचारायची, "मामंजी, पोट साफ झालं का?" खिडकी गल्लीत उघडायची. खाली दूधवाला असायचा, समोरच्या गॅलरीत शेजारीण कपडे वाळत घालत असायची. बाहेरच्या खोलीतून उत्तर यायचं, "हो, हो." त्याचीही खूण ती तक्त्यात करायची. रविवारी नवऱ्याचा फोन आला की मास्तरांना ऐकू यावं म्हणून ती आवाज मोठा करून फोन मध्ये धरायची, आणि मग तिघं मिळून हवेबद्दल बोलायची.

शेवटच्या आठवड्यात म्हातारा भात अर्धा टाकायला लागला. भिंतीला हात लावून चालायला लागला. "बिनमिठाचं जेवून जेवून कंटाळलात, कळतंय मला," ती म्हणाली, "पण ताटात टाकायचं नाही. सहा आठवडे राहिलेत, तुमचा लेक आला की काय रुसायचं ते त्याच्यावर रुसा." मास्तर काहीतरी बोलणार होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि वर्तमानपत्र उचललं. तिला उशीर होत होता.

त्या गुरुवारी दहा वाजता फोन वाजत राहिला. सव्वादहाला पुन्हा वाजत राहिला. तिनं हातातला शर्ट तसाच टाकला. ती घरी पोचली तेव्हा मास्तर खुर्चीत बसलेले होते, मान थोडी कलती, पेन खाली पडलेलं. तिनं हाका मारल्या, छाती दाबली, शेजारणीनं गाडी बोलावली. रुग्णालयात डॉक्टरांनी यंत्रावरच्या सरळ रेषेकडे पाहून डोकं हलवलं. रक्तातलं पोटॅशियम, माणूस जगूच शकणार नाही इतकं चढलं होतं.

"पावडर नियमित होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक दिवस चुकली नाही," ती ताडकन म्हणाली. "तक्ता आणून दाखवू? पोटाचंसुद्धा रोज विचारत होते मी." आणि मग व्हरांड्यात तिनं सिस्टरला गाठलं आणि नको नको ते बोलली. पावडरीत दम नव्हता, तपासणी महिन्यावर कुणी ढकलली, आमच्या माणसाचा जीव गेला. सिस्टरनं फक्त तिच्या खांद्यावर हात ठेवला, तोही सुनेनं झटकून टाकला.

जहाज कुठल्या तरी लांबच्या बंदराकडे निघालं होतं. मुलगा पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. नवव्या दिवशी तो दारात उभा राहिला आणि दोघांनाही ते वाक्य आठवलं. तिनं त्याची बॅग घेतली, आणि मग तिला इतकं रडू फुटलं की शेजारचं दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी वडिलांचं कपाट आवरताना त्यानं तराजूची पेटी उघडली. तराजू काढला, वजनं काढली. तळाशी पुड्या होत्या, एकीला एक चिकटून नीट रचलेल्या.

"हे काय गं?"

तिनं पाहिलं आणि एकेक करून मोजल्या. सात पुड्या होत्या. एकीचीही घडी मोडलेली नव्हती. खिडकीपाशी नेऊन तिनं पहिलीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली.

*रुग्ण: स्वतः. शुक्रवार. दिली नाही. पोट बंद, दिवस दुसरा. सूनबाईस सांगणे.*

दुसरीवर शनिवार. पोट बंद, दिवस तिसरा. दिली नाही. सूनबाईस सांगणे. तिसरीवर रविवार, आणि पुढे बारीक अक्षरात, *लेकाचा फोन आला. बोलता आले नाही.* चौथी, पाचवी, सहावी. कंपाउंडरनं आपलं काम चोख केलं होतं. तुंबलेल्या पोटात पावडर जाऊ दिली नव्हती, तारीख चुकवली नव्हती, कारण लिहायचं राहू दिलं नव्हतं. सिस्टरच्या सांगण्यातलं अर्धं त्यांनी अक्षरशः पाळलं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे एक फोन, आणि तो करायचा तर आधी सुनेला सांगायला हवं होतं. रुग्णालयाचा नंबर तिच्या फोनमध्ये होता. आयुष्यभर लोकांच्या पोटाच्या तक्रारी ऐकलेला माणूस स्वतःची तक्रार सुनेपुढे काढताना लाजला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. या झाकल्या मुठीनं जीव घेतला.

"तू विचारायचीस ना त्यांना?" नवऱ्यानं हळू आवाजात विचारलं. त्यात आरोप नव्हता, आणि म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

"रोज विचारायचे," ती म्हणाली. "स्वयंपाकघरातून. खिडकी उघडी टाकून, त्यांच्याकडे पाठ करून." तिनं हातातली पुडी खाली ठेवली. "कारखान्यात एकेक शर्ट उलटा करून बघते रे मी. त्यांच्या तोंडाकडे नाही बघितलं."

त्यानं शेवटची पुडी उचलली. ती गुरुवारची होती. खुर्चीत बसायच्या आधी मास्तरांनी ती पेटीत इतरांबरोबर नीट ठेवली होती. अक्षर थरथरलेलं होतं, ओळ खाली उतरली होती, पण वाचता येत होतं. त्यानं वाचलं आणि पुडी तिच्या हातात दिली.

*रुग्ण: स्वतः. गुरुवार. दिली नाही. पोट बंद, दिवस आठवा. आज सूनबाई कामावरून आली की लगेच सांगणे. लाजू नये. ती रागावणार नाही.*