पंपात अडकलेला आत्मा

गॅरेजच्या दारात एवढी गर्दी होती, की शेजारचा न्हावी गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बघायला आला होता. गिऱ्हाईकही आलं होतं. मध्ये भावोजींची जुनी शर्यतीची गाडी, बॉनेट उघडं, आणि त्यात डोकं घालून पुटपुटणारे इंजिनबाबा.

भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, जाऊन वर्ष झालं होतं. गाडी आता माझी भाची चालवायची. गार असताना ती झकास पळे. तापली की आचके देऊन बंद पडे. बाबांचं निदान असं, की भावोजींचा आत्मा पंपात अडकलाय. टाकीतलं पेट्रोल इंजिनाला पुरवणाऱ्या त्या मुठीएवढ्या पंपात सहा फुटी भावोजी मावले कसे, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. बाबांनी पंपाला फडकं गुंडाळलं, त्यावर मंतरलेलं पाणी ओतलं, डोळे मिटून मंत्र म्हटले आणि खूण केली. गाडी गुरगुरत सुरू झाली. लोकांनी हात जोडले, न्हाव्याने वस्तऱ्यासकट.

पण बाबा तेवढ्यावर थांबले नाहीत. मुलीने गाडी चालवलेली बापाला खपत नाही, तो रागावलाय, तेव्हा गाडी माझ्या स्वाधीन करा, असं त्यांनी फर्मावलं. शर्यत तोंडावर आलेली. ताईने लेकीकडून किल्ली काढून घेतली. जिला बापानेच स्टिअरिंग धरायला शिकवलं, ती पोर टायरांच्या ढिगाआड जाऊन रडली. तिथे माझं डोकं फिरलं.

मी डोळ्यांची डॉक्टर. दोन औषधं एकदम दिली आणि रोगी बरा झाला, तर गुण कुणाचा हे एकेक बंद करूनच कळतं. मी ताईला म्हटलं, गाडी द्यायची तर दे, पण आधी एक परीक्षा होऊ दे. ती कशीबशी कबूल झाली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर भाचीने गाडी तापवून बंद पाडली. या वेळी नुसते मंत्र म्हणा, पाणी नको, अशी मी बाबांना विनंती केली. घसा बसेपर्यंत त्यांनी मंत्र म्हटले. गाडी ढिम्म.

"पाण्याशिवाय साधना अपुरी पडते," बाबा म्हणाले.

"मग साधनेशिवाय पाणी पुरतं का, बघू."

भाचीने फडक्यावर नळाचं पाणी ओतलं. तोवर मी दवाखान्यातल्या तक्त्यावरची अक्षरं म्हटली, मोठ्यापासून बारीकपर्यंत. गाडी सुरू झाली.

मग भाचीने पंप खोलला. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये उष्णता अडवणारी जाड चकती लागते. मागच्या दुरुस्तीत ती बसवायचीच राहिली होती. त्यामुळे पंपातलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होई, आणि वाफ काही त्या पंपाला ढकलता येत नाही. पाण्याने पंप गार झाला, की पुन्हा पेट्रोल. न्हाव्याला आठवलं, की दाढी वाढवण्याआधी बाबा त्याच्याकडेच येत, आणि तेव्हा ते जुना पेट्रोलवरचा ट्रक चालवत; ओल्या फडक्याची युक्ती तिथलीच. बाबा निघायच्या घाईत फडकं तिथेच विसरले.

जमलेल्यांना मी एवढंच सांगितलं, की आपल्या गेलेल्या माणसांच्या नावाने कुणी भीती घालू लागलं, तर घाबरण्याआधी मंत्र वगळून काय होतं ते बघा.

चकती बसली. पोर शर्यतीत शेवटून दुसरी आली, पण गाडी एकदाही बंद पडली नाही. ताई माझ्या शेजारी उभी होती.

"म्हणजे हे रागावले नव्हते?" तिने हळूच विचारलं.

"कुणीच रागावलं नव्हतं, ताई. पंप तापला होता."