बाहेरून उघडणारं पान

नम्रताच्या नारायण पेठेतल्या घरी हिराताईंच्या फोनवर त्यांच्या वेबसाइटचं पांढरं पान नुसतं गरगरत होतं.

"घरी लगेच उघडतं गं."

"राहू दे. मी बघितलंय की. फार सुरेख झालंय," नम्रता म्हणाली. दोघींनी वाघोलीच्या एकाच कॉलेजात सत्तावीस वर्षं काढली होती. नम्रता वनस्पतिशास्त्र शिकवायची, हिराताई प्रयोगशाळा सांभाळायच्या.

हिराताईंनी तिच्या फोनवर पत्ता टाकला. तिथंही तेच.

"मग बघितलंस काय तू?"

"चहा टाकते," म्हणत नम्रता उठली.

सदाशिव पेठेत चालत परतताना हिराताईंना एकेक जण आठवत गेला. वहिनी, शेजारचे रामदास, जुने सर. सगळ्यांनी 'छान' म्हटलं होतं. कॉलेजच्या वाटेवरचं कोणतं झाड कधी फुललं, याच्या वह्या त्यांनी चार महिने बसून टाइप केल्या होत्या, घरातल्याच डब्याएवढ्या सर्व्हरवर चढवल्या होत्या. आणि तपासलं होतं फक्त घरच्या वायफायवर. एखाद्या विद्यार्थ्यानं असं केलं असतं, तर त्यांनीच प्रयोग पुन्हा करायला लावला असता.

राउटरमध्ये बाहेरून आत यायची वाट उघडून पाहिली. उपयोग झाला नाही. शेवटी इंटरनेट जोडून देणाऱ्या बद्रीनाथला बोलावलं.

"तुमच्या राउटरपुढं सोसायटीचा, त्याच्यापुढं कंपनीचा. बाहेरून अख्ख्या गल्लीचा पत्ता एकच दिसतो काकू. आलेल्यानं तुमचं दार ओळखायचं कसं?"

"मग आतून बाहेर कसं जाता येतं?"

"आतनं जायला कोण अडवतंय?"

तो गेल्यावरही हिराताई त्या वाक्यापाशीच थांबल्या. बाहेर कुठंतरी एक छोटा सर्व्हर भाड्यानं घ्यायचा. घरच्या सर्व्हरनं आतूनच त्याच्याशी जोडणी करायची आणि ती सोडायचीच नाही. येणारा बाहेरच्या दारी येईल आणि त्याच जोडणीतून आत पोचेल. तीन दिवस लागले. चौथ्या सकाळी वायफाय बंद करून त्या कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. पान उघडलं.

यावेळी ओळखीच्या कुणाला कळवलं नाही. झाडांच्या एका ग्रुपवर पत्ता टाकला आणि खाली लिहिलं : चुका कळवाव्यात.

पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी निरोप आला.

"वाघोलीच्या दवाखान्यासमोरची काटेसावर २००९ साली अकरा फेब्रुवारीला फुलली, असं तुम्ही लिहिलंय. चूक. माझी मुलगी दोन तारखेला झाली. खिडकीतून झाड लालभडक दिसत होतं. तपासून घ्या. – जया."

हिराताईंनी तो निरोप दोनदा वाचला. कुणीतरी शेकडो ओळींतून इथवर वाचत आलं होतं. त्यांनी त्या वर्षीची वही काढली. एक ते दहा फेब्रुवारीची पानं कोरी होती. ते दहा दिवस त्या नागपूरला होत्या. आई गेली होती.

त्यांनी अकरा तारीख खोडली आणि नवी ओळ टाइप केली : 'दोन फेब्रुवारी, पूर्ण फुललेली. पाहणारी : जया, वाघोली.'