जिस्मीच्या पायाखालचे पायडल

मित्रांनो, मी पायाने चालवायची एक जुनी शिलाई मशीन आहे. माझे पाय ओतीव लोखंडाचे आणि वरची फळी सागवानी. अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती, तिच्या आता नुसत्या खुणा उरल्या आहेत. केरळातल्या चेंगन्नूरच्या बाजारात, चर्चच्या उताराला लागून सालम्माचे शिवणाचे दुकान आहे. तिथे खिडकीशी माझी जागा.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्याबरोबर चाळीस बहिणी होत्या. कोण कुठे गेली, मला ठाऊक नाही. मुलगी शिवण शिकली म्हणून सालम्माच्या वडिलांनी मला घरी आणले. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पुढची सत्तावीस वर्षे आम्ही दोघींनी मिळून काय काय शिवले! नवऱ्या मुलींचे ब्लाऊज, चर्चमध्ये गाणाऱ्या पोरींचे पांढरे झगे, आणि दर मे महिन्यात शाळेच्या गणवेशांचा हा डोंगर. "सालम्माची शिलाई उसवत नाही हं," असे बायका म्हणत. सालम्मा माझ्या फळीवर थाप मारून म्हणे, "ही उसवू देत नाही!"

मग दुकानात विजेवर चालणारी मशीन आली. मी रागावले नाही, पण वाईट वाटलेच. कुणी न्यायला न आलेल्या कपड्यांचा ढीग माझ्या अंगावर साचू लागला. मला तेल द्यायचे कुणाच्या लक्षात राहीना. चुकून पायडल हलले की मी कण्हत असे.

अशा दिवसांत जिस्मी आली. ती सालम्माच्या धाकट्या बहिणीची मुलगी. आई कुवेतला नर्स, म्हणून दहावीचे वर्ष मावशीकडे काढायचे ठरले होते. ती सालम्माला वल्यम्मा, म्हणजे मोठी मावशी, म्हणे.

जिस्मी समजूतदार मुलगी होती. पण पुस्तक उघडले की नजर पहिल्या ओळीवर राही आणि मन बसच्या हॉर्नमागे जाई, पत्र्यावरच्या कावळ्याकडे जाई, कालच्या कुठल्याशा बोलण्यावर जाऊन बसे. पाय तर एकसारखा हलायचा. गणिताचे कुरियन सर वर्गात म्हणायचे, "जिस्मी, पायाला मोटर बसवलीयस का? विहिरीचं पाणी तरी काढू तिच्यावर!" सगळा वर्ग हसे. जिस्मीही हसे. दुकानात आल्यावर मात्र ती कापडाच्या गठ्ठ्यांमागे बसून रडे. ते फक्त मला दिसे.

ओणमच्या आधीच्या परीक्षेत गणिताचा पेपर हातात पडला आणि तिची छाती धडधडू लागली. हात गार पडले, श्वास पुरेना. अर्ध्या तासात कोरा पेपर ठेवून ती बाहेर आली. शाळेच्या समुपदेशक दीपा टीचर तिला घेऊन थेट दुकानात आल्या.

"सालम्मा चेची, हिला डॉक्टरांना दाखवू या," टीचर म्हणाल्या. चेची म्हणजे ताई.

"डॉक्टर कशाला? अभ्यास करत नाही, एवढंच आहे ते. मी चांगली दटावते तिला."

"दटावून ताप उतरतो का, चेची?"

सालम्माने कात्री खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ती जिस्मीला घेऊन गेली.

डॉक्टरांनी सांगितले, लक्ष टिकत नाही ही या मुलीची लहानपणापासूनची अडचण आहे. त्यात सतत बोलणी खाऊन परीक्षेची धास्ती बसली आहे. रोज सकाळी एक गोळी सुरू झाली आणि दर मंगळवारी दीपा टीचरशी बोलणे. गोळीने थोडे बरे वाटू लागले, पण पुस्तक काही आपोआप वाचून होईना.

एका संध्याकाळी कापायच्या टेबलावर नवरीची साडी पसरली होती. जिस्मीला बसायला जागा नव्हती. तिने माझ्यावरचा ढीग उतरवला, फळीवर जीवशास्त्राचे पुस्तक ठेवले आणि स्टूल ओढून बसली. तिचा पाय सवयीने हलू लागला आणि त्याबरोबर माझे पायडल. चाक फिरले, सुई खटखट करत वरखाली नाचू लागली.

"अगं ए! सुई मोडशील ना!" सालम्मा ओरडली. ती उठून आली आणि तिने माझ्या चाकावरचा चामडी पट्टा उतरवून ठेवला. "हं. आता हलव किती हलवायचंय ते."

आता सुई स्थिर होती आणि खाली नुसते चाक फिरत होते. बऱ्याच वेळाने सालम्माने मान वर केली.

"झोपलीस की काय गं?"

"नाही वल्यम्मा. तिसरं पान चाललंय," जिस्मी म्हणाली, आणि आपल्याच बोलण्याने चकित होऊन तिने मागची दोन पाने उलटून पाहिली.

मित्रांनो, त्या दिवशी सालम्माने मला तेल दिले. किती वर्षांनी!

पुढे सालम्माने आणखी एक युक्ती काढली. "ब्लाऊज कुणी एका दमात शिवतं का? आधी पाठ, मग बाह्या, मग गळा," असे म्हणून तिने खडूने पुस्तकात खुणा केल्या. एक खूण आली की उठायचे, दाराशी जाऊन पाणी प्यायचे, परत यायचे.

सगळे सरळ झाले असे मात्र नाही. नाताळच्या सुमारास वर्गातली एक मुलगी म्हणाली, "वेड्यांची गोळी घेतेस म्हणे?" जिस्मीने गोळ्या बंद केल्या आणि माझ्या खणात दोऱ्याच्या बॉबिनांखाली लपवून ठेवल्या. खुणा तशाच राहू लागल्या, रडणे परत सुरू झाले. मला सगळे माहीत होते, पण मला कुठे बोलता येते! आठव्या दिवशी बॉबिन शोधताना सालम्माच्या हाताला त्या लागल्या. तिने आधी डॉक्टरांना फोन केला. मग आपली थायरॉइडची गोळी काढून जिस्मीच्या गोळीशेजारी ठेवली.

"उद्यापासून दोघींनी बरोबर घ्यायची. जी विसरेल तिने दुसरीला चहा करून द्यायचा."

जिस्मी रडता रडता हसली. "तूच विसरशील."

"बघू या!"

मार्चमधली परीक्षा जवळ आली. एके दिवशी जिस्मी फळीवर डोके टेकून म्हणाली, "वल्यम्मा, परीक्षेला ही मशीन कशी नेऊ?"

सालम्मा विचार करत बसली. मग तिने परकरात घालायचे सर्वांत रुंद इलॅस्टिक काढले, चौपदरी केले. बाकाच्या पुढच्या दोन पायांना ते बांधायचे, म्हणजे आत पाय अडकवून कितीही रेटता येईल, आवाज होणार नाही. पण विजेची मशीन त्या जाड थरावर टाके सोडू लागली. सालम्मा माझ्याकडे वळली. तिने माझ्या चाकावर चामडी पट्टा पुन्हा चढवला, जाड सुई लावली. मित्रांनो, तो इलॅस्टिकचा पट्टा मी शिवला. एकही टाका सोडला नाही!

दीपा टीचरनी परीक्षेत जास्तीचा वेळ मंजूर करून आणला होता. बाकाला बांधलेला पट्टा पाहून कुरियन सर म्हणाले, "परीक्षेला बसायचंय की व्यायामाला?" मुख्याध्यापिकाबाई त्या बाकावर बसल्या, त्यांनी पट्ट्यात पाय घालून चार वेळा रेटला. "सर, आवाज येतोय का? नाही ना? मग राहू दे," त्या म्हणाल्या.

गणिताच्या पेपराच्या दिवशी सालम्माने तीन वेळा उलटी बाही लावली. दुपारी जिस्मी उतारावरून पळत आली.

"वल्यम्मा, अकराव्या प्रश्नाला पुन्हा धडधडायला लागलं! हात गार पडला. मी पेन ठेवलं, पाय रेटला, टीचरने शिकवलंय तसे श्वास मोजले. मग पेन्सिलने खुणा करून पेपराचे तुकडे पाडले. एकेक तुकडा करत गेले."

"आणि?"

"आणि शेवटचं पान आलं! मी आजवर गणिताच्या पेपराचं शेवटचं पान कधी बघितलंच नव्हतं!"

सालम्माने तिला मिठी मारली. दोघींच्या मध्ये मोजपट्टी अडकली होती, तिचेही त्यांना भान नव्हते.

मे महिन्यात निकाल लागला. जिस्मी सगळ्या विषयांत पास, गणितात बी प्लस! कुवेतहून आई फोनवर रडतच होती. सालम्माने उतारावरच्या सगळ्या दुकानांत गरम पळमपोरी वाटली. केळ्याच्या भज्यांचा वास माझ्या फळीपर्यंत आला.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आठवड्याभराने कुरियन सर दुकानाच्या पायरीवर उभे राहिले.

"जिस्मी, तुझी थट्टा केली मी. चुकलं माझं." मग ते सालम्माला म्हणाले, "तसले सहा पट्टे शिवून द्याल? माझ्या नव्या वर्गात सहा जणांचे पाय हलतात. आजवर मी नुसता ओरडतच होतो."

मित्रांनो, जिस्मी आता अकरावीत आहे. गोळी चालू आहे, मंगळवारही चालू आहे. एखादा दिवस वाईट जातो, तेव्हा ती एका खुणेपर्यंत वाचते आणि पुस्तक मिटते. माझी तुम्हाला एक विनंती आहे. तुमचे मन पानावर ठरत नसेल, छातीत धडधडत असेल, तर ते खणात लपवू नका. घरी सांगा, शिक्षकांना सांगा, आणि एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. शेजारच्या बाकावर कुणाचा पाय हलला तर हसू नका. त्याला काय हवे आहे, ते विचारा.

बरे, येते मी. पाच पट्टे झाले आहेत, सहावा राहिला आहे. सालम्माने सुईत दोरा ओवला आहे.