सकाळी मिसिंग, दुपारी गुमान

आमच्या घरी पिकअप आली तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिला ओवाळलं, मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, चाकाखाली लिंबं ठेवली आणि नवऱ्यानं तिचे एवढे फोटो काढले, की लग्नात माझे निघाले नसतील. नवऱ्याचं नाव शिवम. मी नाव घेते, ज्याला वाईट वाटायचं त्याला वाटो. गाडी नवी नव्हती. गावातलाच धम्मरत्न, शिवमचा शाळेपासूनचा दोस्त, ती चालवायचा. कधी पोहरादेवीच्या यात्रेतल्या दुकानांचा माल, कधी कारंजाच्या बाजाराचा. मग त्याला वाशीमला सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि गाडी बाहेर कोणाला न विकता त्यानं ती शिवमला दिली.

देताना त्याची एकच अट होती. त्याच्या बहिणीचं, पिंकीचं लग्न ठरलं होतं. तिचं आंदण याच गाडीतून सासरी, केनवडला जायला पाहिजे. पिंकी शिवणकाम करते, माझे ब्लाउज तीच शिवते. तिची शिलाई मशीन कारंजाहून आणली होती ती याच गाडीतून, त्या घरात आलेली पहिली मोठी वस्तू. शिवम म्हणाला, ही काय सांगायची गोष्ट आहे का.

आमचा मळा भाजीचा, गावाबाहेर. सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी, फुलकोबी, वांगी. पहाटे गाडी भरायची आणि उजाडताना कारंजाच्या हर्रासात न्यायची, तिथं बोली लागते. सुरुवातीला गाडी अशी चालली की शिवम जेवताना तिचंच कौतुक सांगायचा. मी म्हटलं, तिलाच वाढायला सांगा. त्याला ते लागलंही नाही, एवढा तो खूश होता.

मग आमची तूर निघाली, खळ्यावर थ्रेशर लागलं आणि त्याच आठवड्यात गाडीचं डोकं फिरलं. सकाळी सुरू केली की हिवताप भरल्यागत थरथरायची. उभ्या गाडीत इंजिन मिसिंग मारायचं, म्हणजे मधेच एक ठोका गाळायचं, आता बंद पडते की मग पडते असं वाटायचं. मागून काळा धूर. सगळ्यात वाईट म्हणजे डिझेल. पूर्वी जेवढ्यात कारंजाला जाऊन यायची, तेवढ्यात आता जाऊन पोचली तरी नशीब. शिवम टाकीखाली वाकून पाहायचा, कुठे गळतं का. जमीन कोरडी. मग डिझेल जातं कुठे? धम्मरत्नच्या हातात हीच गाडी कधी कुरकुरली नव्हती, मग आमच्याच घरचं पाणी तिला बाधलं की काय? मला तर काही कळेनासं झालं.

कारंजाला गोपीचंद नावाचा मेकॅनिक आहे. हर्रास आटोपून, चहा पिऊन शिवम गाडी त्याच्याकडे न्यायचा तोवर ऊन चांगलं वर आलेलं असायचं. आणि तिथं गाडी गुमान उभी राहायची. ना थरथर, ना धूर. गोपीचंद कानाशी हात नेऊन ऐकायचा आणि शिवमकडे अशा नजरेनं पाहायचा, की बिघाड गाडीत नाही, मालकात आहे. एकदा त्यानं एअर फिल्टर उघडला. एवढ्या फुफाट्यात फिरणारी गाडी, पण फिल्टर कोरा, नुकता खोक्यातून काढल्यासारखा. गोपीचंद खूश, शिवम खूश. घरी येऊन मामाजींना सांगितलं तर तेही खूश. ते फक्त मान डोलावून हसले आणि तोंडाला ओला दुपट्टा बांधून परत खळ्यावर गेले. आयुष्यभर थ्रेशरवर ते तसाच बांधतात, छातीत कुटार, तुरीचा भुसा, जात नाही म्हणतात.

मग सल्ल्यांना ऊत आला. गोपीचंद म्हणाला नोझल, ते साफ करून झालं. माल भरायला येणारा बाबूसिंग म्हणाला पंपावरचं डिझेलच खोटं असेल, म्हणून दुसऱ्या पंपावर भरून झालं. कोणी म्हणालं मागचा ब्रेक चिकटतो, चाक काढून पाहिलं, चाक मोकळं फिरत होतं. गोपीचंदला फोन केला तर तो म्हणाला, सकाळच्या थंडीनं होत असेल, हीटर बदलू. तेही बदललं. आत्याबाईंनी मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या, आम्हीच सगळे खोकलो. प्रत्येक इलाज दुपारी लागू पडायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी पुन्हा थरथरायची.

मी शिवमला म्हटलं, ही सकाळीच बिघडते आणि दुपारी सुधारते, हे काय आहे? तो म्हणाला, गाडी काय माणूस आहे, सकाळी उठायचा कंटाळा यायला? खरं सांगायचं तर मलाही त्यापुढं काही सुचत नव्हतं.

असंच एका रात्री जेवताना मामाजी ताटातल्या भाकरीकडे पाहत म्हणाले, "नोकरी लागली म्हून गाडी विकली, का गाडी बिघडली म्हून विकली, हे आपल्याले काय ठाव?"

एवढंच म्हणाले. रागानंही नाही. पण ते वाक्य शिवमच्या डोक्यात जाऊन बसलं ते निघालंच नाही. धम्मरत्न आठवडाभर वाशीमला असायचा, शनिवारी संध्याकाळी गावी यायचा. शिवम रविवारी मळ्यातून हलेना. समोरून धम्मरत्न दिसला की याला फोन यायचे, जे आलेलेच नसायचे. पुढं हर्रासातल्या चहाच्या टपरीवर तो बोलून गेला, की दोस्तानं गाडी गळ्यात मारली. बाबूसिंगनं ते मला सांगितलं तेव्हा मला एवढा संताप आला, की मी शिवमला दिवसभर भाजी तोडण्यापुरतंच बोलले. आणि तरी रात्री पडल्या पडल्या मलाही वाटायचं, खरं असलं तर? ज्या माणसानं माझ्या हातचं वांग्याचं भरीत पोट भरेपर्यंत खाल्लं, तो असं करेल का? नाही करणार. मग गाडी थरथरते का? याच्यापुढं माझं डोकं चालायचं नाही.

पिंकीचं लग्न जवळ आलं. शिवम म्हणायला लागला, ही गाडी भरवशाची नाही, आंदण अर्ध्या रस्त्यात अडकलं तर नाव कोणाचं जाईल? तेव्हा मी शिवमला न सांगता धम्मरत्नला फोन केला. गाडी सकाळी मिसिंग मारते, काळा धूर सोडते, डिझेल पिते, एवढंच सांगितलं. त्यानं गाडी भरायची वेळ विचारली. मग म्हणाला, "रविवारी पहाटे येतो वहिनी. गाडी हाय तशी राहू द्या, कोणी हात नोका लावू."

तो मळ्यात आला तेव्हा गाडी भरलेली होती आणि सुरू होती, नेहमीसारखी कापत. शिवमनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटाकडे. धम्मरत्ननं त्याला काही विचारलं नाही. धुराजवळ हात धरला, बोनेटवर तळवा ठेवला, जरा वेळ ऐकलं. मग तो सरळ कॅबिनच्या मागं गेला. कॅबिन आणि मागचा माल भरायचा हौदा यांच्या मधल्या फटीत हवा ओढायच्या पाइपाचं तोंड होतं. कंपनीनं ते बोनेटखाली दिलेलं, पण पांदणीतल्या, शेताच्या वाटेवरच्या धुळीपायी धम्मरत्ननंच ते कधीतरी तिथं वर काढून घेतलं होतं. आम्हाला कोणाला ते माहीत नव्हतं, गोपीचंदला तर नाहीच. धम्मरत्ननं फटीत हात घातला आणि तो तिथंच थांबला.

हात बाहेर आला तेव्हा त्यात एक फडकं होतं. जुन्या दुपट्ट्याचं, चार घड्या घातलेलं, ओलंचिंब, तुरीच्या कुटारानं आणि चिखलानं भरलेलं. त्यासरशी इंजिनचा आवाज बदलला. थरथर थांबली.

"ते मी बांधलं," मामाजी म्हणाले.

आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहत राहिलो.

"खळ्यावर केवढं कुटार उडते. आपुन तोंडाले वला दुपट्टा बांधतो ना? मले दिसलं हे तिचं नाक हाय, हवा वढून राह्यली. मंग तिले बी बांधला. रोज सांजच्याले भिजवतो, सकाळी निघायच्या आंदी बी पाणी मारतो."

म्हणजे रोज पहाटे आम्ही गाडीचा श्वास कोंडून तिला कारंजाला पाठवत होतो. उन्हानं फडकं वाळायचं तेव्हा तिला जरा हवा मिळायची आणि तेवढ्यात आम्ही गोपीचंदकडे पोचायचो. फिल्टर कोरा का होता तेही कळलं, धूळ सगळी फडक्यातच अडकत होती. आणि मामाजींनी हे कोणाला सांगितलं नाही, कारण त्यांच्या मते यात सांगण्यासारखं काय होतं? स्वतःच्या तोंडाला दुपट्टा बांधताना तरी ते कोणाला सांगतात?

शिवमला हसू फुटलं. एवढ्या दिवसांचं ओझं उतरल्यासारखा तो हसत पुढं गेला आणि त्यानं धम्मरत्नच्या खांद्यावर हात टाकला. धम्मरत्ननं तो हात हळूच खाली केला.

"मले फोन काहून नाई केला?" त्यानं विचारलं. "एक फोन, शिवम. टपरीवरच्या लोकायले सांगतलं, मले नाई सांगतलं. मले त्या लोकायकडून समजलं का मी तुले फसवलं म्हून."

शिवमनं आत हात घालून इंजिन बंद केलं.

"पिंकीच्या आंदणाले मी मंगरूळची गाडी सांगून देल्ली," धम्मरत्न म्हणाला. फडकं त्यानं बोनेटवर ठेवलं आणि पायी घराकडे निघाला. मी चहाला थांबा म्हटलं. तो म्हणाला, राहू द्या वहिनी.

मामाजी बोनेटजवळ गेले. मग त्यांनी ते उचललं आणि चालायला लागले. मला वाटलं नाल्यावर धुवायला चालले, पण ते गावाकडे वळले, म्हणून मी मागं गेले. धम्मरत्नच्या घरापुढं लग्नाचा मांडव उभा राहत होता. त्याचे वडील इंद्रभान खुर्चीवर बसले होते, पाच-पन्नास पाहुणे मांडवाचे बासे आणि दोऱ्या घेऊन उभे होते. मामाजी त्या सगळ्यांच्या मधोमध जाऊन थांबले. फडक्यातून अजून पाणी ठिबकत होतं.

"इंद्रभान, हे मी गाडीच्या नाकाले बांधलं होतं," ते मोठ्यानं म्हणाले. "म्हून गाडी बिघडली. तुह्या पोराची गाडी चांगली होती. त्याच्यावर शक बी पयले म्याच घेतला, शिवमनं मागून."

आमच्या घरात मामाजींनी कधी आत्याबाईंपुढंसुद्धा चूक कबूल केलेली नाही. मला त्यांची कीव आली आणि अभिमानही वाटला. इंद्रभानबाबा उठले, त्यांनी मामाजींच्या हातातलं फडकं घेतलं, बाजूला ठेवलं आणि त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. धम्मरत्न मांडवाच्या दोऱ्या ओढत होता. त्यानं ऐकलं सगळं, पण तो वळला नाही.

लग्नाच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. आम्हाला बोलावणं होतंच, गाडीला नव्हतं. तरी शिवमनं आदल्या दिवशी ती धुतली, हौदा पुसला आणि मंगरूळच्या गाडीच्या मागं नेऊन रिकामीच उभी केली. लोक पाहत होते. मी म्हटलं, कशाला? तो म्हणाला, "शबूद देल्ला होता." बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, जेवणं झाली. पुढच्या गाडीत पलंग चढला, कपाट चढलं, भांडी चढली. आमच्याकडे कोणी आलं नाही. शिवम स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत बसला होता, मी त्याच्या शेजारी.

पुढच्या गाडीवर दोरी बांधून झाली होती. ड्रायव्हर चढणार, एवढ्यात धम्मरत्न वर चढला. त्यानं बांधलेली दोरी सोडली, वाकला आणि पिंकीची शिलाई मशीन काढली. दोघांच्या मदतीनं ती खाली घेतली, आमच्या गाडीपर्यंत आणली आणि हौद्यात ठेवली. दोरी त्यानं स्वतः आवळली, दोनदा हिसका देऊन पाहिली. मग शिवमच्या खिडकीशी आला.

"केनवडपावतर हळू घेजो," म्हणाला, आणि पुढच्या गाडीकडे निघून गेला.

शिवमनं चावी फिरवली. एवढ्या मोठ्या हौद्यात ती एकटी मशीन होती. पुढची गाडी हलायची वाट पाहत आम्ही तिथंच उभे होतो. आमचं इंजिन इतकं एकसारखं आणि हळू चालत होतं, की त्या आवाजात मला शिवमचं रडणं स्पष्ट ऐकू येत होतं.