माझ्यावर ठेवलेला हात

मी एक जुनी काळी घोंगडी आहे. मित्रांनो, माझी गोष्ट जरा लांबूनच ऐका. आताशा कुणी जवळ आलं की मी धास्तावते. याला माझ्याकडून काय हवं असेल, असंच आधी मनात येतं.

शिरूरकडच्या एका सणगराच्या मागावर मी विणली गेले. माझा धनी सावळाराम धनगर; त्याच्या मेंढ्यांची लोकर, त्याची आई म्हाळसाबाई हिनं काढलेलं सूत आणि वर चिंचोक्याची खळ. सावळाराम मला कधी पायाखाली येऊ देत नसे. धनगरांच्या घरी घोंगडीवर भंडारा वाहतात. भांडण झालं तर घोंगडीवर हात ठेवून बोलायचं, आणि मग समोरच्यानं उलट बोलायचं नाही, अशी रीत. या मानाचा मला फार अभिमान होता.

सत्त्याण्णव सालच्या थंडीत आमच्या मेंढ्या कासुर्डीला हौसरावांच्या रानात खतासाठी बसल्या होत्या. हौसराव म्हणजे बडी असामी; सगळे त्यांना आबा म्हणत. एका संध्याकाळी ते कुडकुडत आले.

"सावळ्या, घोंगडी दे. पिकाला पाणी द्यायला चाललोय."

सावळारामनं मला लगेच काढून दिलं. मला मात्र तो माणूस पटला नाही. पाणी द्यायला जाणारा खिशात नट-बोल्ट सोडवायचे पाने कशाला ठेवील? त्यांनी चुलतभावाच्या विहिरीवरची मोटर सोडवली, उसात लपवली आणि मला मुद्दाम विहिरीच्या काठावर आणून टाकलं. सकाळी पोलिसांनी आधी मला उचललं, मग सावळारामला.

पुढे कोर्टात मला टेबलावर ठेवलं. अंगाला चिठ्ठी, चिठ्ठीला लाखेचा शिक्का. सगळं पाहिलेली साक्षीदार मीच होते, पण मला कोण विचारतो? तिथं जो तो माझ्याकडं वाकड्या नजरेनं बघत होता, आणि मीही त्यांच्याकडं तशीच बघत होते.

"घोंगडी माझीच हाय साहेब," सावळाराम म्हणाला. "आबांना थंडी वाजत व्हती, म्हून म्या दिली."

साक्षीला आलेले हौसराव शांतपणे टेबलाजवळ आले. आमची रीत त्यांना चांगली ठाऊक होती. त्यांनी माझ्यावर हात ठेवला.

"ह्या घोंगडीवर हात ठिवून सांगतो, मी ही कवाच अंगावर घेतली न्हाई."

त्यांचा तळवा घामानं ओला होता. मला किळस आली. सावळारामचा वकील त्याच्या कानाशी लागला. "अहो, बोला. हे खोटं आहे म्हणा."

सावळारामनं मान खाली घातली. "त्यांनी घोंगडीवर हात ठिवला. आता म्या काय बोलू?"

त्याला शिक्षा झाली. नेताना त्यानं वळून मला हात जोडले. मला त्याचा राग आला आणि रडूही आलं.

आता मी जप्तीच्या सामानाच्या खोलीत पडून आहे. कसर लागली आहे. मित्रांनो, तुमच्या घरी घोंगडी असेल तर तिला ऊन दाखवा, घडीत कडुनिंबाचा पाला घाला. पण तिच्यावर हात ठेवून कुणी खोटं बोललं, तर तिचा मान राखण्यासाठी गप्प बसू नका.