एक थेंब वर

“नवं मशीनबी जुन्यावानीच कंजूस हाय की गं,” गौरम्मा सिस्टर फोनवर म्हणाल्या.

बस चाकूर सोडून अहमदपूरच्या रस्त्याला लागली होती. अंबू माझ्या मांडीवर उभी राहून खिडकीच्या गजाला बिस्कीट घासत होती. रविवारची सुट्टी; आम्ही दोघी नांदेडला आईकडे निघालो होतो.

“कंजूस म्हणजे?”

“म्हंजी काय! एक थेंब कमीच सांगतंय की ते. आम्ही समद्या एक वर धरूनच लावतो. शिरूरच्या बाईच्या बाळाला कागदावर पाच आलं, मी सहा लावले कालपासून. आता लेकरू जरा…”

फोन कटला. मी हॅलो हॅलो करत राहिले. रेंजची एकही काडी नव्हती.

लेकरू जरा काय?

लातूरच्या एका बालरुग्णालयात मी कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. नोंदी करते, कागद छापते. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या खोलीत सलाईनचे मिनिटाला किती थेंब सोडायचे, ते सांगणारा एक छोटा प्रोग्रॅम आमच्याकडे आहे. डॉक्टरांच्या भाच्याने, शिवशंकरने, इंजिनिअरिंगला असताना अकरा वर्षांपूर्वी लिहून दिलेला. बाळाचं वजन टाकायचं, आकडा येतो, सिस्टर त्याप्रमाणे नळीवरचं चाक फिरवतात. शनिवारी नवा कॉम्प्युटर आला. त्यात पायथनची, म्हणजे तो ज्या भाषेत लिहिलाय तिची, नवी आवृत्ती होती आणि जुना प्रोग्रॅम तिच्यावर चालेना. दुपारभर बसून मी तो चालवला. एकच गोष्ट खटकत होती. पूर्वी पूर्ण आकडा यायचा, आता चार पॉइंट सात पाच असलं काहीतरी यायचं. सिस्टर गोंधळतील म्हणून मी जवळचा पूर्ण आकडा छापायला लावला. चार पॉइंट सात पाचचे पाच. कागद पुन्हा पहिल्यासारखा नीटनेटका दिसायला लागला. मी खुशीत घरी गेले आणि अंबूला शिरा करून घातला.

बसमध्ये सगळं एकदम उलगडलं. जुनी आवृत्ती भागाकारात उरलेली बाकी सरळ टाकून द्यायची. पावणेपाचाचे चार. सिस्टरांना अनुभवाने कळत होतं की बाळाला कमी पडतंय, म्हणून त्या एक वाढवायच्या. अकरा वर्षं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, एकीने दुसरीला हाताने शिकवलेलं. आता मी पाच छापले होते आणि त्यांनी सवयीने त्यावरही एक वाढवला होता.

पाच आणि सहा. बसमध्ये कुणाला सांगितलं असतं तर हसला असता. पण आमच्या बारीक थेंबांच्या नळीत मिनिटाला एक थेंब म्हणजे तासाला एक मिली, आणि शनिवारी चारपासून आतापर्यंत एकोणीस तास. सगळं मिळून एकोणीसशे ग्रॅमचा जीव तो. त्याची किडनी केवढी असेल? अंबूच्या करंगळीचं पेर माझ्या हातात होतं. मी ते दाबून धरलं होतं हे ती ओरडली तेव्हा कळलं.

“ओ बाई, रडायला कामून लागल्या?” कंडक्टर शेजारी येऊन उभा होता.

“भाऊ, तुमचा फोन द्या. माझ्याला रेंज नाही.”

“घ्या. पण सासरचं भांडण असंल तर अहमदपूरला उतरून करा हं, माझा बॅलन्स लई न्हाई.” मग त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि अंबूला उचलून घेतलं. “करा, करा. मी हाय.”

तिसऱ्यांदा लावल्यावर वॉर्डातला फोन गौरम्मा सिस्टरांनीच उचलला.

“सिस्टर, मी वर्षाराणी. सगळ्या बाळांचा एक थेंब कमी करा. आत्ता.”

“डॉक्टर म्हणले का?”

“नाही. मी म्हणते.”

“तू कॉम्प्युटरवाली हायस गं अव्वा. तुझ्या म्हणण्यावर मी चाक कसं फिरवू? डॉक्टर नांदेडला लग्नात हायत, फोन उचलंनात.”

त्यांचं बरोबरच होतं. “मग हाताने काढा. फोन न ठेवता काढा, सिस्टर, तुमच्या पाया पडते.”

“सव्वीस वर्षं झाली मला,” त्या पुटपुटल्या. कागदाचा आवाज आला. “एकोणीसशे ग्रॅम. पहिला दिवस, किलोला दिवसाचे साठ मिली. एकशे चौदा. आता चोवीस तासानं भागायचं. चोवीस चोक शहाण्णव. उरले अठरा. अठरा म्हंजी चोवीसाची पाऊण.” त्या थांबल्या. “पावणेपाच.”

कंडक्टरच्या कडेवरून अंबू माझ्याकडे हात पसरत होती.

“म्हंजी कागदावरचं पाच बराबर व्हतं.”

“हो.”

“आन मी सहा लावले.”

नळीवरचं चाक फिरवल्याचा आवाज येत नाही. मला फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“फिरवलं,” त्या म्हणाल्या. “बाकी दोघांचंबी काढते. डॉक्टरांच्या मंडळींचा नंबर हाय माझ्याकडं, लग्नातून उठवते त्यास्नी.”

“बाळ कसं आहे?”

“पापण्या सुजल्यात. लंगोट कोरडं हाय सकाळधरनं. तू ये.”

अहमदपूरला उतरून मी उलट्या दिशेची बस धरली. कंडक्टरने अंबूला दारातून खाली दिलं. परतीचे दीड तास मला आठवत नाहीत. फक्त अंबू झोपली होती आणि मी तिच्या पापण्यांकडे बघत होते, एवढंच आठवतं. तीही त्याच खोलीत, त्याच काचेच्या पेटीत होती. अडीच वर्षांपूर्वी. सोळाशे ग्रॅम.

दवाखान्याच्या बाकावर शिरूर अनंतपाळची बबिता बसली होती. ओली बाळंतीण, कानाला रुमाल बांधलेला. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

“ताई, तुमचं लेकरूबी हितंच व्हतं म्हणं? किती गुटगुटीत झालंय!” तिने अंबूच्या पायाला हात लावला. “माझंबी असंच व्हईल की.”

“होईल ना,” मी म्हणाले आणि तिच्याकडे न बघता आत गेले.

डॉक्टरांनी फोनवरच सलाईन दोन तास थांबवायला आणि बाळाचं वजन दर तासाला करायला सांगितलं होतं. गौरम्मा सिस्टर पेटीजवळ स्टुलावर ताठ बसल्या होत्या. जेवणाचा डबा तसाच होता. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

चार वाजता डॉक्टर वैजनाथ आले, अंगावर लग्नाचाच कुर्ता. आधी बाळ पाहिलं, मग बाहेर येऊन म्हणाले, “नवीन प्रोग्रॅम बरोबर आहे ना? मग राहू दे तोच. वाढवू नका म्हणून सांगू सगळ्यांना.”

“सर, प्रोग्रॅम नवा आहे, हात जुने आहेत. नऊ सिस्टर, तीन पाळ्या. दोघी गावाला गेल्यात. रात्रपाळीच्या एकीने जरी सवयीने चाक फिरवलं तर? सगळ्यांना समोर बसवून सांगेपर्यंत जुनाच राहू दे.”

“पण जुना या मशीनवर चालत नाही म्हणालीस.”

“चालवते.”

म्हणाले खरी, पण ते सोपं नव्हतं. जुनी आवृत्ती आता कुणी वापरत नाही. ती मी अडगळीत ठेवलेल्या कॉम्प्युटरमधून पेनड्राइव्हवर आणली. नव्या मशीनला धक्का न लावता तिच्यासाठी आत वेगळी जागा करायची होती. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात तिला. दोनदा लाल अक्षरं आली. दोनदा पहिल्यापासून केलं. गौरम्मा सिस्टर कधी मागे येऊन उभ्या राहिल्या, कळलंच नाही.

“काय करायलीस?”

“बाहेर सगळं नवं आहे, त्यात जुनं जगत नाही. म्हणून जुन्यासाठी आत वेगळी हवा करून ठेवतेय.”

“म्हंजी काचंची पेटी की,” त्या म्हणाल्या.

“तसंच.”

त्या पेटीला नाव द्यावं लागतं. मी ‘गौरम्मा’ टाइप केलं. काळ्या पडद्यावर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला कंसात ते नाव उमटायला लागलं. चष्मा नव्हता, त्यांनी वाचलं नाही. त्या परत बाळाकडे गेल्या.

प्रोग्रॅम सुरू झाला. आता कुठलंतरी वजन टाकून पाहायचं होतं. बोटांनी आपोआप टाकलं, जे मला झोपेतही पाठ आहे. सोळाशे.

चार.

मी कागदावर पडताळलं. सोळाशेला शहाण्णव. चोवीस चोक शहाण्णव. बाकी शून्य. इथे काही टाकून दिलेलं नव्हतंच. अंबूचे चारच थेंब होते.

तिची फाईल मला पाठ आहे. पहिल्या दिवशीच्या रकान्यात गौरम्मा सिस्टरांच्या गोल अक्षरात पाच लिहिलेलं आहे. त्या दिवशी तिचे डोळे उघडत नव्हते. मी विचारलं होतं, आणि सगळे म्हणाले होते, वेळेआधीची पोरं अशीच असतात. दुसऱ्या दिवशी वाढलेलं वजन बघून, नळीतच दोष असेल म्हणून तिची नळी बदलली होती.

अंबू टेबलाखाली बसून पंचिंग मशीनमधून पडलेले कागदाचे गोल ठिपके गोळा करत होती. मी खाली वाकले, तिला मांडीवर घेतलं. तिच्या अंगाला बिस्किटाचा वास येत होता.

“आलं का बराबर?” आतून सिस्टरांनी विचारलं.

“आलं.”

मग मी डॉक्टरांकडे गेले. “सर, जिथे निःशेष भाग जातो, तिथे एक वाढवायचा नाही. प्रत्येक कागदावर हाताने हिशोब आणि तुमची सही, तरच चाक फिरवायचं.”

“निःशेष? अशी बाळं किती असणार?”

“थोडी असतील.”

“तुझ्या लक्षात कसं आलं?”

“करून पाहिलं.”

सहाच्या सुमाराला गौरम्मा सिस्टर बाहेर आल्या. त्यांच्या हातात बाळाचं लंगोट होतं, ओलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. मीही त्याला हात लावून पाहिला. कोमट होतं. बाहेर बबिता कुणालातरी फोनवर बाळाला कुठली टोपी आणायची ते सांगत होती.

पंधरा दिवसांत नऊही सिस्टरांना डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. गौरम्मा सिस्टर सगळ्यांत पुढे बसल्या आणि शेवटी उठून म्हणाल्या, “ही सवय म्याच लावली व्हती समद्यांना. आता म्याच मोडते.” त्यांनी नव्या सूचनेच्या कागदावर सही केली. मी काळ्या पडद्यावर ती पेटी बंद केली. ओळीच्या सुरुवातीचं नाव गेलं.

दुसऱ्या दिवशी भोकरचं एक बाळ आलं. नव्या प्रोग्रॅमचा कागद मीच आत नेऊन दिला. सिस्टरांनी हाताने हिशोब मांडला, आकडा जुळवला, घड्याळाकडे बघत थेंब मोजले. बरोबर पडत होते. तरी त्यांचं बोट चाकावर गेलं. थोडा वेळ तिथेच राहिलं. मग त्यांनी तो हात उचलला, दुसऱ्या हातात धरला, आणि तशाच उभ्या राहून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या.