कोऱ्या कागदाचं काय एवढं?

मी एक जुना पुठ्ठा आहे. मला चाळीस भोकं आहेत, आणि एके काळी त्यांचा मला फार अभिमान होता.

मित्रांनो, बुटाच्या खोक्याच्या झाकणातून बाईंनी मला कापलं ते पेपर तपासायला. पर्याय रंगवायची उत्तरपत्रिका असली की मी तिच्यावर बसायचो. माझी भोकं नेमकी बरोबर पर्यायांवर यायची; त्यांत पेन्सिलीचं काळं दिसलं की बाई लाल टिंब द्यायच्या. टिंबं मोजली की गुण. हेडसर मला उजेडात धरून म्हणायचे, "याला म्हणतात तपासनीस. वाद नाही, वशिला नाही." मी जरा फुगायचो. बाई म्हणायच्या, हवा दमट आहे.

मग तुकड्या पाडायचा पेपर आला. बाईंनी घाईत मला उलटा ठेवला, खालची कड वर. सगळा वर्ग नापास. मागच्या बाकावर झोपणारा तेवढा पहिला आला. त्याने स्वतःला चिमटा काढून पाहिला.

"पुठ्ठा कशाला खोटं बोलेल?" हेडसर म्हणाले. मला पटलं.

पोरं जिला शंकेखोर म्हणत, ती मुलगी उभी राहिली. तिची रवानगी शेवटच्या तुकडीत होणार होती.

"बाई, माझ्या आडनावावर लाल टिंब आहे."

"मग?"

"आडनाव बरोबरच आहे, पण ते कुठे विचारलं होतं?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

"पुठ्ठा उलटा पडला असणार," ती म्हणाली.

"कशावरून? बस, सगळं लिहून दे." बाईंनी कोरा कागद पुढे केला.

तिने लिहिलं: नाव वर असतं, प्रश्न पार तळापर्यंत. टिंब नावावर पडलं, म्हणजे तळाचं भोक वर आलं. शिवाय हुशार नि ढ एका रात्रीत जागांची अदलाबदल करत नाहीत.

बाईंनी मला सुलटा करून सगळे पेपर पुन्हा तपासले. मुलगी आपल्या तुकडीत राहिली. पहिला आलेला परत झोपला.

पण बाईंना त्या कागदाची चटक लागली. आता उत्तराला एक गुण, 'कशावरून'ला तीन. मित्रांनो, त्या कागदात आहे काय? ना भोक, ना शिस्त. परवा एकाचं उत्तर साफ चुकलं, तरी बाई म्हणाल्या, "विचार मात्र सरळ केलाय हं." मला आयुष्यात कुणी असं म्हणालं नाही. पोटात दुखतं माझ्या. पोट नाही, नुसती भोकं आहेत, तरी दुखतं.

हल्ली मी बाईंच्या चहावर झाकण असतो. त्या कागद वाचत बसतात.

जुन्या पुठ्ठ्यांना जपा, मित्रांनो. सुलटे ठेवा. आणि आम्ही काही सांगितलं, तर एकदा 'कशावरून' म्हणा. सांगता येणार नाही, पण विचारलेलं बरं वाटेल.

एक कारण मात्र मलाही देता येतं. बाईंचा चहा रोज गार होतो. त्या म्हणतात, मुलांचे कागद वाचण्यात गुंगले. साफ खोटं. तो माझ्यामुळे गार होतो.

कशावरून? भोकं मोजा.